पाच पेन्सला एक दफनभूमी: सार्वजनिक जागेची किंमत ठरवायची कोणी?

मेघना_फिंचली

जानेवारी १९८७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर पालिकेने आपल्या मालकीच्या तीन दफनभूमी विकल्या. हॅनवेल, मिल हिल आणि ईस्ट फिंचली. किंमत प्रत्येकी पाच पेन्स. पौंड नव्हे, पेन्स.

ही काही डबघाईला आलेली पालिका नव्हती. पार्लमेंट, राजवाडा, ऑक्सफर्ड स्ट्रीट, सगळं तिच्याच हद्दीत. दफनभूमी मात्र हद्दीबाहेर होत्या, कारण मध्य लंडनमधली जागा भरल्यावर एकोणिसाव्या शतकापासूनच पालिकांनी शहराच्या कडेला जमिनी घेतल्या होत्या. मला वाटतं इथेच अर्धी गोष्ट आहे. त्या जागेच्या आजूबाजूला राहणारे लोक वेस्टमिन्स्टरचे मतदार नव्हते, आणि ज्यांची माणसं तिथे पुरलेली ते सगळ्या लंडनभर विखुरलेले. जागेसाठी भांडणारं सभागृहात कोणी नव्हतं.

विकण्याचं कारण दिलं गेलं ते देखभालीचं. वर्षाला चार लाख पौंडांच्या वर खर्च, उत्पन्न त्या मानाने काही नाही. पालिकेच्या नेत्या तेव्हा शर्ली पोर्टर होत्या, टेस्को दुकानांच्या संस्थापकाची मुलगी. खर्च कापणं हा त्यांच्या कारभाराचा गाभाच होता. कागदावर हिशेब असा मांडला गेला की दफनभूमी ही मालमत्ता नाही, कायमचं ओझं आहे, मग ओझं घेऊन जाणाऱ्याकडून किंमत कसली मागायची?

पण त्या पाच पेन्सांबरोबर काय काय गेलं ते बघा. राखणदारांची घरं गेली, दाहगृह गेलं, आणि बारा एकरांहून जास्त अशी जमीन गेली जिथे एकही कबर नव्हती, म्हणजे जिच्यावर बांधकाम होऊ शकत होतं. ज्यातून पैसा उभा राहिला असता ते सगळं ओझ्याच्या गाठोड्यात बांधून दिलं. जमीन लगेच पुढच्या हाती गेली. देखभालीची अट पुढच्या मालकालाही बांधील राहील अशी सोय व्यवहारात नव्हती. थोड्याच काळात कबरींवर कमरेएवढं गवत वाढलं. आईबापांच्या कबरीवर फुलं ठेवायला येणाऱ्यांना कबर सापडेना. नातेवाइकांनी पालिकेच्या दारात जाऊन आवाज उठवला, लेखापरीक्षकाने व्यवहार बेकायदेशीर ठरवला, आणि शेवटी पालिकेला त्या दफनभूमी परत घ्याव्या लागल्या. त्याला सुमारे साडेबेचाळीस लाख पौंड लागले असं इथे लंडनमध्ये सगळीकडे नोंदलेलं आहे. आणि परत आल्या त्या नुसत्या दफनभूमी. कमाईचे तुकडे निघून गेले होते.

इंग्लंडमध्ये यासाठी कायदा तेव्हाही होता. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याचं कलम १२३. पालिकेने जमीन विकताना मिळू शकेल ती सर्वोत्तम किंमत घेतलीच पाहिजे, कमी घ्यायची तर मंत्र्यांची संमती हवी. तरीही हे झालं.

मला इथल्या जाणकारांना विचारायचं आहे. आपल्याकडे पालिकेची जागा विकताना, किंवा तीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देताना, किंमत नेमकी कोण ठरवतं? आणि ती चुकीची ठरली तर कोणाच्या दारात जायचं? "पडीक जागा आहे, पालिकेला नुसता खर्च" हे वाक्य मी माहेरी इतक्या वेळा ऐकलं आहे की वेस्टमिन्स्टरचं प्रकरण वाचताना मला ते परदेशातलं वाटलंच नाही.

रमेश_ठाणेकर

चांगला विषय काढलात. पोर्टरबाईंचं दुसरं प्रकरण यापेक्षा मोठं होतं, तेही इथे नोंदवतो, कारण त्याचा शेवट आपल्याला उपयोगी आहे.

१९८६ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष जेमतेम वाचला. त्यानंतर पालिकेने आठ अटीतटीच्या प्रभागांत भाडेकरूंची सरकारी घरं रिकामी झाली की पुन्हा भाड्याने द्यायची नाहीत, विकायची, असं धोरण घेतलं. विकत घेणारा आपल्याला मत देईल हा हिशेब. घरं सवलतीत विकली जात होती आणि त्याच वेळी बेघर कुटुंबांना पालिका बाहेर जागा शोधत होती. लेखापरीक्षक जॉन मॅगिल यांनी १९९६ मध्ये अहवाल देऊन नुकसान थेट संबंधित नेत्या-अधिकाऱ्यांच्या अंगावर टाकलं. वरच्या कोर्टात एकदा पोर्टर सुटल्या, पण डिसेंबर २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, जबाबदारी कायम केली. व्याज आणि खर्चासह रक्कम चार कोटी पौंडांच्या वर गेली होती. २००४ मध्ये त्यांनी १ कोटी २३ लाख पौंड भरून तडजोड केली.

म्हणजे सार्वजनिक घर स्वस्तात विकल्याचा पैसा वैयक्तिक खिशातून भरावा लागला. गंमत नाही ही. दुर्दैव असं की अधिभाराची, म्हणजे नुकसान थेट संबंधितांकडून वसूल करण्याची, ती तरतूदच इंग्लंडने २००० च्या कायद्याने काढून टाकली. त्याने लोकप्रतिनिधींना असलेला धाक गेला, हे माझं स्पष्ट मत आहे.

वकीलकाका_सातारा

मेघनाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत आहे, कारण महापालिका आणि नगरपरिषद यांचे कायदे वेगळे.

महापालिकांसाठी (मुंबई सोडून, तिचा १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे) १९४९ चा अधिनियम, कलम ७९. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की स्थावर मालमत्ता विका, भाड्याने द्या की आणखी कशी हस्तांतरित करा, मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. "शक्यतो" असा शब्द तिथे नाही. ठराव कायद्याला किंवा लोकहिताला धरून नसेल तर कलम ४५१ खाली राज्य शासन तो निलंबित करून पुढे विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं.

नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा अधिनियम, कलम ९२. स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायला शासनाची मंजुरी लागते आणि प्रस्तावाला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण सदस्यांच्या. हे मी मुद्दाम दोनदा सांगतो, कारण प्रत्यक्षात सभेला अर्धे नगरसेवक असतात आणि ठरावाखाली "सर्वानुमते मंजूर" लिहिलेलं असतं. तीन वर्षांपर्यंतच्या भाड्याला थोडी मोकळीक आहे, पण पक्कं बांधकाम करायला नाही. त्याशिवाय १९८३ चे स्थावर मालमत्ता हस्तांतरणाचे नियम आहेत. नगरपरिषदेचा ठराव रोखायचा असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं.

कोर्टांचं म्हणणंही एका दिशेचं आहे. राम अँड श्याम कंपनी विरुद्ध हरियाणा (१९८५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खासगी मालक आपली वस्तू भावनेपोटी स्वस्तात देऊ शकतो, सरकार तसं करू शकत नाही. दिल्लीतल्या चाणक्य चित्रपटगृहाच्या खटल्यात (२००७) नवी दिल्ली पालिकेने जुन्याच भाडेकरूला मुदतवाढ न देता जागा निविदेने द्यावी ही भूमिका कोर्टाने उचलून धरली. भोपाळमधली वीस एकर जमीन जाहिरात न देता एका न्यासाला दिली होती, ते वाटप २०११ मध्ये रद्द झालं. आता दुसरी बाजू: कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयालगतची जागा लिलाव न करता हॉटेलला दिली, ते १९८७ मध्ये कोर्टाने मान्य केलं, कारण वाटाघाटी उघड आणि टप्प्याटप्प्याने झाल्या होत्या. म्हणजे लिलाव हाच एक मार्ग असं नाही. लपवाछपवी नको, हे मात्र कायम.

शंतनू_लातूर

सगळ्यांच्या मताला थोडा विरोध करतो.

प्रत्येक स्वस्त व्यवहार हा घोटाळा नसतो. आमच्या भागात पालिकेने खूप वर्षांपूर्वी एका वाचनालयाला जागा नाममात्र भाड्याने दिली. त्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसून मी आणि माझ्यासारख्या कितीतरी पोरांनी स्पर्धा परीक्षा दिल्या. घरी दोन खोल्यांत सात माणसं, अभ्यासाला दुसरी जागाच नव्हती. बाजारभावाने त्या जागेवर मोबाइलची चार दुकानं आली असती. पालिकेला पैसे मिळाले असते, आम्हाला काय मिळालं असतं?

आणि बाजारभाव, बाजारभाव करताना छोट्या गाळेधारकांचं काय होतं तेही बघा. २०१९ च्या नियमांत महापालिकांच्या भाडेपट्ट्याचं वार्षिक भाडं बाजारमूल्याच्या आठ टक्क्यांपेक्षा कमी नको असं आलं. राज्यभरचे गाळेधारक रस्त्यावर उतरले, कारण तीस वर्षं पाटी लावून बसलेल्या शिंप्याला ते भाडं परवडणारच नव्हतं. पुढे सरकारला तो दर खाली आणावा लागला. पालिका म्हणजे जागेची दलाल नाही. तिने कधी कधी स्वस्तात दिलंच पाहिजे.

मेघना_फिंचली

शंतनू, तुमच्या वाचनालयाबद्दल वाद नाही. उलट इंग्लंडमध्ये त्याची वेगळी सोयच केली आहे. २००३ पासून अशी सर्वसाधारण संमती आहे की परिसराच्या आर्थिक, सामाजिक किंवा पर्यावरणाच्या भल्यासाठी असेल तर पालिका कमी किमतीत जागा देऊ शकते, फक्त ती घट वीस लाख पौंडांपेक्षा जास्त नको. पण त्यासाठी घट किती हे आधी मोजावं लागतं. जागा दहा लाखांची, आपण चार लाखांना देतोय, सहा लाख आपण या संस्थेला देतोय, कारण हे असं असं. हे लिहिलं की भांडण निम्मं संपतं. तुमच्या वाचनालयाला दिलेली मदत कोणी लपवली नव्हती ना? मग ती मदतच आहे. लपवलेली घट मात्र कोणाच्या तरी खिशात जाते.

जाहिरातीचंही एक प्रकरण सांगते. श्रूजबरी नावाच्या गावात ग्रीनफील्ड्स हे खेळाचं मैदान होतं, १९२६ मध्ये नगरपालिकेने लोकांसाठी घेतलेलं. त्याचा एक तुकडा गावच्या परिषदेने २०१७ मध्ये साडेपाच लाख पौंडांना एका बांधकाम कंपनीला विकला. त्यावर पंधरा घरांना परवानगीही मिळाली. मोकळी सार्वजनिक जागा विकण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे जाहिरात देऊन हरकती ऐकायच्या, हा नियम. परिषदेने ती दिलीच नाही. ही जागा लोकांच्या विश्वस्त मालकीची आहे याचा कोणी तपासच केला नव्हता. गावातले एक रहिवासी लढत लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ मार्च २०२३ ला जिंकले. कोर्ट म्हणालं, जाहिरात दिली नाही तर लोकांचा त्या जागेवरचा हक्क विक्रीबरोबर नाहीसा होत नाही. घरांची परवानगी रद्द झाली. दोन जाहिरातींचा खर्च किती आला असता?

निखिल_शिकागो

जमीनच विकायला हवी असं नाही, रस्त्याकडेची पार्किंगची जागासुद्धा विकता येते. आम्ही शिकागोत ते भोगतोय.

डिसेंबर २००८. शहराच्या अंदाजपत्रकात खड्डा पडलेला. महापौर रिचर्ड डेली यांनी शहरातले सुमारे ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला देण्याचा करार आणला. बदल्यात एकरकमी ११५ कोटी डॉलर. प्रस्ताव जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत सभागृहात मतदान. ४० विरुद्ध ५. शेकडो पानांचा करार कोणी वाचला असेल हे तुम्हीच ठरवा. २००९ मध्ये शहराच्या महानिरीक्षकांनी हिशेब काढला की शहराला किमान ९७ कोटी ४० लाख डॉलर कमी मिळाले.

पैसे काही वर्षांतच भोके बुजवण्यात संपले. करार २०८३ पर्यंत आहे. पार्किंगचे दर लगेच वाढले ते वेगळंच. पण खरी गोम पुढे आहे. आता सायकलमार्ग करायचा असो, रस्ता मिरवणुकीसाठी बंद ठेवायचा असो, मीटर बंद राहिले की शहराने कंपनीला भरपाई द्यायची. शहराचा रस्ता, शहराचे लोक, आणि वापरायचा तर परवानगीचे पैसे. माझी मुलगी सत्तरीची होईल तेव्हाही तिची पिढी हे भरत असेल. म्हणून मला वाटतं, किमतीइतकीच मुदत बघा. ७५ वर्षांचा भाडेपट्टा ही विक्रीच आहे.

वैशाली_कोंडवाडा

हा धागा वाचून नवीन खातं उघडलं. गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. तालुक्याचं गाव, नगरपरिषद.

आमच्या एस. टी. स्टँडला लागून जुना कोंडवाडा आहे. मोकाट जनावरं कोंडायची बंद होऊन जमाना झाला. भिंतीचे दगड आहेत, आत एक मोठं लिंबाचं झाड, आणि मंगळवारच्या बाजाराला त्या आवारात भाजीवाल्या बायका बसतात. पावसाळ्यात लिंबाखाली ताडपत्री टाकतात. माझी आई वीस वर्षं तिथे मेथी-कोथिंबीर विकत होती, म्हणून माझा जीव त्या जागेत आहे.

ती जागा एका संस्थेला बहुउद्देशीय सभागृहासाठी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा ठराव झाला हे आम्हाला कळलं ते फ्लेक्स लागल्यावर. मी माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागितली. विषयपत्रिकेत हा विषय कुठेच नव्हता. तो होता शेवटच्या ओळीत, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" याखाली. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. चर्चा एका ओळीचीही नोंदलेली नाही.

ठरावात लिहिलंय, "प्राप्त मूल्यांकनानुसार". म्हणून मूल्यांकनाचं पत्र मागवलं. त्या पत्राची तारीख ठरावाच्या नंतरची आहे. जे पत्र आलंच नव्हतं ते "प्राप्त" कसं झालं? आणि त्यात जागेचं वर्णन "अंतर्गत भागातील, रस्त्यालगत नसलेली" असं आहे. स्टँडचं फाटक आणि कोंडवाड्याचं फाटक यांच्यात एक डांबरी रस्ता आहे फक्त! मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्रफळ ठरावातल्या क्षेत्रफळापेक्षा जास्त आहे. उरलेली जागा कुठे गेली, कोणी सांगत नाही.

संस्था काही वाईट काम करते असं मी म्हणत नाही. पण या बायकांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

निवृत्त_बिल_कलेक्टर

वैशाली बेटा, तू लिहिलंस ते वाचून झोप उडाली. मी नगरपरिषदेत आयुष्य काढलं, कर विभागात. किंमत कशी पाडतात ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो.

लोकांना वाटतं रेडीरेकनरचा दर म्हणजे किंमत. तसं नसतं. तो तक्ता मुद्रांक शुल्कासाठी आहे आणि त्यात विभागाप्रमाणे दर वेगळे. एकाच गटाचा पुढचा तुकडा व्यापारी विभागात आणि मागचा निवासी विभागात पडतो. पहिली युक्ती इथे, जागा मागच्या विभागात दाखवायची. दुसरी, रस्त्याचा लगाव नाही म्हणायचं, म्हणजे घट मिळते. तिसरी, अतिक्रमण आहे म्हणायचं. बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या बायका कागदावर "अतिक्रमणधारक" होतात आणि त्यांच्याच नावाने किंमत कमी होते. चौथी, विकास आराखड्यातलं जागेचं आरक्षण. आरक्षण असताना जागेला भाव नसतो, मग आधी स्वस्तात द्यायची आणि आरक्षण बदलायचा प्रस्ताव पुढच्या वर्षी आणायचा. पाचवी लिलावातली. जाहिरात खप नसलेल्या पेपरात द्यायची, बयाणा एवढा ठेवायचा की साधा माणूस भरू शकणार नाही, आणि तीन देकार आले पाहिजेत म्हणून एकाच घरातल्या तिघांनी भरायचे. आमच्याकडे याला रिंग म्हणत. सरकारी किमतीच्या वर शंभर रुपये बोली लागली की हातोडा पडला.

हे सगळे कागद नियमात बसलेले असतात. प्रत्येक सही करणारा सांगतो, मी फक्त माझ्यापुढे आलेलं पाहिलं. बिघाड पहिल्या टिपणीत असतो, ती टिपणी ज्या टेबलावर तयार होते तिथे. बेटा, तू कार्यालयीन टिपणी मागितलीस का? ठराव आणि पत्र पुरेसं नाही. नस्तीची, म्हणजे अख्ख्या फाइलची, पाहणी माग, डाव्या बाजूच्या हिरव्या कागदांसकट. जागेवर कोण गेलं, कोणत्या दिवशी, पंचनामा झाला का, नकाशा कोणी काढला, ते तिथे दिसेल.

अवनी_पुणे

पुण्यातही २०२१ मध्ये अ‍ॅमेनिटी स्पेस दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचा महापालिकेचा प्रस्ताव आला होता, तेव्हा आमच्या सोसायट्यांनी हेच प्रश्न विचारले. त्या जागा दवाखाना, शाळा, उद्यान यासाठी सोडलेल्या. उत्पन्न वाढवायचं कारण दिलं होतं. आमच्या भागात चालत जाता येईल असा एकही सरकारी दवाखाना नाही. दवाखान्याची जागा भाड्याने देऊन त्या पैशात दवाखाना कुठे बांधणार, हवेत?

एक विचारायचं होतं: शेजारच्या जागेचे खरे व्यवहार किती रुपयांना झाले ते कसं कळतं?

वकीलकाका_सातारा

अवनी, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश, बघता येते. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक हवा. त्यातही दाखवलेली किंमत खऱ्यापेक्षा कमी असू शकते, तरी शेजारच्या तीन व्यवहारांची सूची जोडली की मूल्यांकनावर बोलायला जागा मिळते.

वैशालीताई, आता तुमच्याबद्दल. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत आणि त्या भक्कम आहेत. विषयपत्रिकेत नसलेला विषय, ठरावानंतरचं मूल्यांकन, आणि न जुळणारं क्षेत्रफळ. किंमत कमी आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञ लागतात, भांडण लांबतं. तारखा जुळत नाहीत हे शाळेतलं पोरही वाचू शकतं. अर्जात किमतीचा मुद्दा शेवटी ठेवा.

जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ चा अर्ज करा, प्रत मुख्याधिकाऱ्यांना आणि नगरपरिषद प्रशासनाला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीस वर्षांचा पट्टा म्हणजे शासनाची मंजुरी लागणारच. ती मिळाली आहे का, प्रस्ताव कुठल्या टप्प्यावर आहे, हे स्वतंत्रपणे विचारा. करार नोंदणीला गेला नसेल तर अजून वेळ आहे. नोंदला गेला की मग उच्च न्यायालय, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, इतके दिवस काय करत होतात?

रमेशराव, अधिभार आपल्याकडे कागदावर आहे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा १९३० चा कायदा आहे, त्यात नुकसान संबंधितांकडून वसूल करता येतं. लेखापरीक्षण अहवालात आक्षेप येतात, वर्षानुवर्षं अनुपालन प्रलंबित राहतं. एखाद्या नागरिकाने तो आक्षेप क्रमांक धरून पाठपुरावा केला तर हलतं, मी हललेलं पाहिलं आहे.

शंतनू_लातूर

वैशालीताईंचं वाचून माझा विरोध थोडा सौम्य करतो, सोडत नाही. भाजीवाल्या बायका बाजारभाव देऊ शकणार नाहीत. उद्या लिलाव झाला तर ती जागा संस्थेला नाही तर एखाद्या बिल्डरला जाईल, किंमत चोख येईल, आणि लिंबाखालच्या बायका तेव्हाही रस्त्यावरच. मग आपण नक्की कशासाठी भांडतोय?

वैशाली_कोंडवाडा

शंतनूदादा, हाच प्रश्न आईने विचारला. आम्हाला लिलाव नको आहे. जागा बाजारासाठी राहावी आणि मंगळवारचा बाजार आराखड्यात नोंदवावा, एवढंच. किमतीचा मुद्दा आम्ही काढतोय तो यासाठी की पालिका म्हणते जागा निरुपयोगी आहे. मंगळवारी पालिकेचा माणूस प्रत्येक टोपलीमागे बाजार-फी घेऊन पावती फाडतो. निरुपयोगी जागेतून पावत्या कशा फाटतात? आईने त्या पावत्या पिशवीत जपून ठेवल्यात, गठ्ठेच्या गठ्ठे.

निवृत्त_बिल_कलेक्टर

पावत्या! बेटा, हे तू आधी का नाही सांगितलंस. त्या पावत्या म्हणजे पालिकेने स्वतः दिलेला पुरावा आहे की ही जागा बाजार म्हणून वापरात आहे आणि उत्पन्न देते. दरवर्षी अंदाजपत्रकात बाजार-फीचं स्वतंत्र शीर्ष असतं, वसुलीच्या नोंदवहीत ठिकाण लिहिलेलं असतं. बाजार-फीचा ठेका दिला असेल तर ठेक्याच्या करारात कोंडवाड्याचं आवार नावानिशी असणार. ते मागव. आणि बसणाऱ्या बायका अतिक्रमणधारक नाहीत हेही त्यातच येतं, पैसे घेऊन बसवलेली माणसं ती.

मेघना_फिंचली

वेस्टमिन्स्टरच्या नातेवाइकांनीही असंच केलं असतं तर, असं वाटून गेलं. दफनभूमीत कायमच्या जागेचे पैसे भरल्याचे कागद त्यांच्या घरोघरी होते.

वैशाली, पावत्यांचे फोटो काढून ठेव, थर्मल कागद असेल तर शाई उडते. मला वर्षवार यादी करायला वेळ आहे, इथे रात्री बसून करेन. पाठवशील का?

वैशाली_कोंडवाडा

पाठवते ताई. जुन्या छापील पावत्या आहेत, हाताने लिहिलेल्या, शाई शाबूत आहे. सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देतोय, आईसकट अकरा जणी येणार आहेत. वकीलकाका, अर्जावर सगळ्यांच्या सह्या हव्यात की एकीची चालेल? दोघींना सही येत नाही.

वकीलकाका_सातारा

सगळ्यांची नावं आणि पत्ते घ्या. सही येत नसेल तिथे डाव्या अंगठ्याचा ठसा, शेजारी नाव आणि ओळखणाऱ्याची सही. पावत्यांच्या मूळ प्रती देऊ नका, छायाप्रती जोडा, मूळ पावत्या सोबत दाखवायला न्या. अर्जाचा मसुदा मला आज रात्री पाठवा, उद्या सकाळपर्यंत बघून परत देतो.